रुमाल धरून नाचणाऱ्या विजयमालाबाई

विजयमालाबाईंना एकनाथराव पुरते ओळखत होते, असं म्हणणं खोटं ठरेल. जुळे सोलापुरातल्या एकाच सोसायटीत दोघं खालीवर राहत, पण ओळख झाली ती सोसायटीच्या हॉलमधल्या डान्स क्लासात, आणि ती टिकली अवघे सात गुरुवार. त्यांच्या नवऱ्याचं नावसुद्धा एकनाथरावांनी कधी विचारलं नाही.

एकनाथराव शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून दिवस ढकलत होते. लेकीनं, श्रावणीनं, त्यांना न विचारताच क्लासात नाव घातलं. जोडीनं करायचा विलायती नाच, एक-दोन-तीनच्या तालावर. शिकवणारी प्रियदर्शनी तिशीची पोरगी. ही म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी तिनं ओळखलं आणि घरून रुमाल आणले. एक टोक बाप्याच्या हातात, एक बाईच्या. बाप्यानं न्यायचं, बाईनं त्याच्या मागं जायचं.

विजयमालाबाई सांगोल्याकडच्या, मेंढरांमागं जन्म गेलेल्या. सून नोकरीला, म्हणून नातू सांभाळायला लेकाकडे येऊन राहिल्या होत्या. क्लासात उरलेली ही दोघंच, म्हणून त्यांची जोडी झाली.

एकनाथराव नेतात कसले. पाऊल उचलण्याआधी खाली बघत, मग प्रियदर्शनीकडे, मग घड्याळाकडे.

“मास्तर, किती इचार करताय,” तिसऱ्या गुरुवारी बाई म्हणाल्या. “मेंढरू बी एवढा येळ लावत न्हाय.”

“मी मास्तर नव्हतो. क्लार्क होतो.”

“मग बरोबर हाय की. आज अर्ज, परवा पाऊल.”

आणि त्यांनीच रुमाल ओढून डावं पाऊल पुढं टाकलं.

“मावशी, ते पुरुषांचं पाऊल झालं,” प्रियदर्शनी म्हणाली.

“व्हय की. आमच्यात बिरोबाच्या जत्रंला गजी नाचत्यात. ढोलाभोवती रिंगण, हातात रुमाल. पण नाचायचं गड्यांनी, बायांनी कडंला बसून बघायचं. चाळीस वरसं तेच बघितलंय, बाई. मला गड्याचंच पाऊल येतंय.”

“मग तुम्हीच न्या यांना.”

तिथून पुढं त्याच नेऊ लागल्या. पदर खोचलेला, मान ताठ, वळणावर घशातून बारीकसा हुंकार. घरी जिना चढताना दर पायरीला कण्हणारी बाई हीच का, असं वाटावं. एकनाथरावांना फक्त मागं जायचं होतं. कित्येक वर्षांत त्यांना इतकं सोपं काही वाटलं नव्हतं.

सातव्या गुरुवारी कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत गावी पोचला. दिरानं, धनाजीनं, बाईंच्या लेकाला, बिरुदेवला, फोन केला की तुझी आई परक्या बाप्याला रुमालानं वढत नाचतीया, आमी गावात तोंड कुटं दाखवायचं. लेकानं क्लास बंद करायला सांगितलं.

बाईंनी एकनाथरावांना जिन्यात गाठलं. “मास्तर, तुमी शिकलेलं माणूस. बिरुदेव तुमचं ऐकंल. एवढंच सांगा, की तितं वावगं काय न्हाय. मला आठवड्याचा तेवढा एक तास पायजे.”

“सांगतो,” ते म्हणाले.

रविवारी ते वर गेले. बिरुदेवनं आदरानं बसवलं. “बोला काका.” आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. एकनाथरावांनी दोनदा घसा खाकरला आणि विचारलं, “तुमच्याकडं पाणी नीट चढतं का?”

पाण्यावर पाव तास बोलणं झालं. चहा झाला. ते उठले तेव्हा आत भांडी पुन्हा वाजू लागली होती.

पुढचे गुरुवार ते हॉलकडे फिरकले नाहीत. महिन्याभरात नातू पाळणाघरात जाऊ लागला आणि विजयमालाबाई गावी निघाल्या. बिरुदेव रिक्षा आणायला गेला होता आणि त्या एकट्याच गेटशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. दूध घेऊन येणारे एकनाथराव थबकले. माफी मागायची होती, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

“निघालात?”

“व्हय.”

“एसटीत जागा मिळेल ना?”

“मिळंल की. आज बाजार न्हाय.”