आतून अडसर

मोटरीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. जुन्या ट्रकखाली ऑइल साचतं तसे ते आपसूक साचतात. आमचे तर एकाच गॅरेजचे निघतील डझनभर!

हे गॅरेज आलापल्लीच्या सडकेवर, जंगलाला अगदी लागून. लाकडाच्या धंद्यातल्या कुण्या गोऱ्या साहेबानं बांधलेलं. स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, आणि काही वर्षांनी आमच्या ठेकेदार शेठनं ते ट्रक ठेवायला घेतलं. माणसं चार. ड्रायव्हर वासुदेवभाऊ, करीम मिस्त्री, म्हातारा चौकीदार देवाजी आणि मी क्लीनर. मी मुळातच भित्रा, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या दिवशी दिसल्या त्या पायऱ्या. कोपऱ्यात तीन दगडी पायऱ्या वर जातात आणि सरळ भिंतीला टेकतात. तिथं ना दार, ना फळी, काही नाही!

"भाऊ, ह्या कशाले जी?" मी विचारलं.

"साहेब चढत असल."

"चढून जात कुठी होता पण?"

"मले काय पुसतं? चढून पाह्य ना!"

मी चढलो नाही. त्या कोपऱ्यात मी झाडूसुद्धा मारत नव्हतो. शेठ मला आळशी समजत होता, तेच बरं होतं.

मग ते भोक. मागच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, मूठ जाईल एवढं गोल. मिस्त्री म्हणे धुरासाठी ठेवलं. वासुदेवभाऊ म्हणे, वाघावर बंदूक रोखायला. वाघाचं नाव निघाल्यावर मी चहाचा कप घेऊन भिंतीपासून चार हात लांब सरकलो.

"घाबरतं काऊन बे?" म्हणत भाऊ ऐटीत पालथे पडले, भोकाला डोळा लावला, आणि जे काय ओरडले! पलीकडूनही एक पिवळा डोळा बघत होता.

देवाजीची बकरी होती. आम्ही पोट धरधरून हसलो. भाऊंनी मात्र चिंध्यांचा बोळा करून भोक गच्च बुजवलं.

"बकरी होती, तो फिर बोळा काहे को?" मिस्त्रीनं विचारलं.

"आज बकरी होती," भाऊ म्हणाले.

खरी भानगड दाराची. बाहेरून कुलूप लावायला ना कडी, ना कोंडा. आतून मात्र सागाचा हा एवढा अडसर! उचलताना कंबर धरायची. आता मोटर ठेवायच्या जागेला आतून बंद कोण करतं, तुम्हीच सांगा!

मिस्त्रीनं बाहेरून कोंडा ठोकला. सकाळी तो निखळून खाली. पुन्हा ठोकला, पुन्हा खाली.

"पुराना सागवान है, कील नहीं पकडता," असं म्हणून मिस्त्रीनं हत्यारं गोळा केली आणि त्याच दुपारी सुट्टी टाकून चांद्याला गेला.

त्यातच एक टायर चोरीला गेला. शेठ भडकला. हुकूम निघाला, की ट्रक उभा असेल तेव्हा देवाजीनं आत राहायचं, अडसर लावून. "एकदा जरी दार उघडं दिसलं, तं देवाजी, चौकीदारी गेली अन् झोपडीबी खाली कर!" झोपडी शेठच्याच जागेत होती. म्हातारा बायकोला आणि बकरीला घेऊन कुठं जाणार? बिचारा जेवायलाही बाहेर पडेना.

देवाजीची एक सवय होती. अडसर लावताना म्हणायचा, "साहेब, लावतो जी." काढताना, "साहेब, काढतो जी."

"देवाजी, साहेब विलायतेले गेला. त्याले आयकू जाते का गा?" आम्ही चिडवायचो.

"गेला असल," देवाजी म्हणायचा. "पण मले एकट्याले बरं वाटते."

एके दिवशी सकाळी देवाजी धापा टाकत गॅरेजसमोरच्या आमच्या छपरीत आला. नाल्यापलीकडच्या गावात त्याची लेक अडली होती. "जा लागते, भाऊ. दार उघडंच टाकून आलो. तेवढं सांभाळा जी!"

"तुम्ही जा, आम्ही बसतो आत," वासुदेवभाऊ म्हणाले. देवाजी पळाला.

आणि मग सुरू झालं!

"जा बे, लाव अडसर."

"मी? भाऊ, तुम्ही मोठे."

"मी ड्रायव्हर हावो. चौकीदारी क्लीनरचं काम."

"तुमचीच बंदुकीची गोष्ट, भाऊ! त्या भोकाजवळ मी नाई बसत एकटा."

आम्ही तिथंच हुज्जत घालत असताना शेठची जीप आली. शेजारी करीम मिस्त्री, सुट्टी संपवून परतलेला. शेठ सरळ दाराकडे निघाला. गेली म्हाताऱ्याची झोपडी, आणि तीही आमच्या भित्रेपणापायी!

शेठनं दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला, तरी नाही. कान लावून ऐकलं आणि वळून म्हणाला, "शाबास! म्हातारा इमानदार हाय." मिस्त्रीला आमच्याजवळ सोडून जीप गेली.

आत तर कुणीच नव्हतं! दाराजवळ जायला कुणी तयार होईना.

दुपारी देवाजी आला. घामानं निथळत होता आणि हसत होता. हातात गुळाचा खडा. "नातू झाला जी! माय-लेकरू दोघंबी बरे." मग आमची तोंडं पाहून त्याचं हसू मावळलं. "शेठ आला होता का?"

"आला होता. अडसर लागला होता."

"मंग तं बरं झालं. तुम्ही लावला?"

आम्ही नाही म्हणून माना हलवल्या. देवाजी दाराकडे वळला.

"घाईत जाताना बोललो खरं," तो हळूच म्हणाला. "साहेब, आज तुम्ही लावून घ्या जी."

मग तो दाराशी गेला. गुळाचा खडा उंबऱ्यावर ठेवला आणि दारावर थाप मारली. "साहेब, नातू झाला. काढा जी."

तोवर आम्ही तिघं सडकेवर पोचलो होतो, मिस्त्री सगळ्यांत पुढं. पण अडसर जमिनीवर टेकल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.