मागायला आलेली पाहुणी

आमच्या वसईत परदेशी सिस्टर आली की ती काहीतरी द्यायलाच येणार, असं आम्ही लहानपणापासून धरूनच चाललेलो. शाळा, दवाखाना, दुधाची पावडर, सगळं तिकडूनच आलेलं ना! म्हणून माझ्या धाकट्या बहिणीच्या मठात युरोपातल्या मठाची मुख्य सिस्टर येतेय म्हटल्यावर मी मठाच्या गळक्या छपराचा अर्ज लिहून घेतला, सुकेळीची, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांची, एक पुडी बांधली आणि गेले.

हा बंद मठ. बहीण विशीत आत गेली ती गेलीच. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत देतात त्या पातळ भाकऱ्या भाजते. भेटायचं ते जाळीतून. मरेपर्यंत याच मठात राहायचं वचन दिलेलं. मी मनात म्हणायचे, असू दे, वसईतच आहे ना.

पाहुणी ऐंशीची, थकलेली. मी अर्ज काढणार, तेवढ्यात बहीण जाळीपलीकडून म्हणाली, "बाय, तो राहू दे पिशवीत. त्या द्यायला नाही, मागायला आल्यात."

"काय मागायला?"

"माणसं. तिकडे चौघीच उरल्यात. एक गेली तर मयताची पेटी उचलायला तिघी पुरत नाहीत."

"मग द्या की एखादी तरणी पोर!"

"पोरी अजून शिकतायत. मी हात वर केला."

"अडुसष्टाची तू! गुडघा बदललेला! आणि वचन?"

"ते आता त्या मठाला. परवानगी आलीय."

"परत कधी येशील?"

"वचन मरेपर्यंतचं असतं."

"तुझ्या कबरीवर मेणबत्ती कोण लावणार गं?" मी ओरडलेच.

"त्यांच्या कबरींवर आता कोण लावतंय, बाय?"

पाहुणीला मराठी कुठलं कळायला? पण ती खाली बघत बसलेली, शेजारणीकडे विरजण मागायला आलेल्या बाईसारखी. तिच्यावर रागावू तरी कशी?

मी पुडी जाळीखालच्या खणातून आत सरकवली.

"एवढीच?" बहीण म्हणाली. "तिकडे आम्ही पाच जणी होऊ. रविवारी आणखी आण. सोमवारी विमान आहे."

त्या दिवशी होता बुधवार. केळी उन्हात सुकायला आठवडा तरी लागतो. मग मी घरी गेलेच नाही. गावातल्या घराघरांत जाऊन सुकेळी मागत फिरले.