सगुणाबाईचा कडुलिंब

सिन्नरकडच्या खेड्यांत माणसाला साप चावत नाही. त्याला 'पान लागतं'. जनावराचं नाव उच्चारलं तर त्याला निमंत्रण गेल्यासारखं होतं, असा समज आहे. पान लागलेल्याला आधी मारुतीच्या पारावर आणायचं आणि सगुणाबाईला हाक मारायची, ही रीत. हे काम तिला सासूकडून मिळालं. घर, सासूचा स्वभाव आणि मंत्र असं सगळं एकदमच वारशात आलं होतं.

सगुणाबाईची पद्धत साधी होती. कडुलिंबाचा मूठभर पाला रोग्याच्या तोंडात द्यायचा आणि विचारायचं, कसा लागतो? विष भिनलं असेल तर पाला गोड लागतो, नसेल तर कडू, असं सासूनं सांगून ठेवलं होतं. रोगी 'कडू' म्हणाला की ती मंत्र पुटपुटून, पाठीवरून केरसुणी फिरवून त्याला घरी धाडायची. 'गोड' म्हणाला की हात जोडायची, हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या म्हणायची. म्हणजे बरे होणारे तिच्या खात्यावर आणि बाकीचे सरकारच्या.

बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारीसुद्धा दर वेळी विष खर्च करतातच असं नाही. सगुणाबाईच्या कीर्तीत सापांचा वाटा मोठा होता, पण त्यांनी तो कधी मागितला नाही.

तिचा नवरा सावळीराम याला जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची, ती म्हणजे सुई. गावात लस द्यायला माणसं आली त्या दिवशी तो दिवसभर विहिरीवर मोटार दुरुस्त करत बसला होता. मोटार त्याच आठवड्यात नवी बसवलेली होती.

टोमॅटोच्या तोडणीच्या दिवसांत एका सकाळी त्यानं शेताच्या बांधावरचं रिकामं कॅरेट उचललं. खाली वीतभर लांबीचं फुरसं होतं. त्यानं आपलं काम केलं आणि दगडांत निघून गेलं. सून उज्वला ओरडत घरी आली. सगुणाबाई पाला ओरबाडूनच निघाली, आणि गावही पाराशी जमलं, कारण बाईच्या घरातच पान लागण्याचा योग रोज येत नाही.

सावळीराम पारावर बसला होता. बोट सुजायला लागलं होतं. शेजारच्या पुतळाबाईनं, एवढ्याशा जनावरात विष ते किती असणार, असा हिशोब मांडला. उज्वला मात्र दवाखान्याचं नाव काढत होती. ते नाव ऐकताच सावळीरामानं पाला तोंडात जायच्या आधीच निकाल दिला.

"कडू."

"अवो, खाल्ला कुठं अजून?"

"वासावरनं कळतंय. लय कडू हाय."

माणसं हसली. सगुणाबाई हसली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं भाजीत मीठ कमी की जास्त हेसुद्धा कधी विचारल्याशिवाय सांगितलं नव्हतं. तिनं त्याला डोळे मिटायला लावले, मंत्र तसाच असतो म्हणाली. मग मारुतीपुढच्या नैवेद्यातला गुळाचा खडा उचलून त्याच्या जिभेवर ठेवला.

सावळीरामानं तोंड भयंकर वाकडं केलं. "कडू. परवापेक्षाबी कडू."

परवा त्यानं पाला खाल्ला नव्हता. पण सगुणाबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला एकाएकी गावातल्याच सुलाबाईचा नवरा आठवला. तोही इथंच बसून 'कडू' म्हणाला होता, हसत घरी गेला होता आणि संध्याकाळी वारला होता. पथ्य मोडून तो ताक प्यायला असणार, असं गावानं ठरवलं. घरात ताक नव्हतंच, असं सुलाबाईनं सांगून पाहिलं. पण तोवर ठरून गेलं होतं. त्या माणसाची दुसऱ्या दिवशी मुंबईला जायची गाडी होती. दवाखान्यात अडकायचं नव्हतं त्याला.

सगुणाबाईनं उरलेला पाला खाली टाकला. "उज्वला, जीप थांबव."

सिन्नरची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. सगुणाबाई आत बसली, तिनं ड्रायव्हरकडे एकदा पाहिलं आणि जीप भरली असं ड्रायव्हरला वाटलं. सावळीराम वाटभर आपण ठणठणीत असल्याचं सांगत होता. मध्येच त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा तो गप्प झाला.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मनगटाला कुणी करकचून बांधलेला रुमाल सोडवला, हात न हलवता ठेवायला सांगितला आणि काचेच्या नळीत थोडं रक्त काढून नळी उभी करून ठेवली. सगुणाबाईनं विचारलं, हे कशाला? वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची, त्या म्हणाल्या. रक्त गोठलं नाही तर विष चढलंय.

"त्याला काही विचारायचं नाय?"

"कशाला विचारायचं?"

सगुणाबाई त्या नळीसमोर बसून राहिली. रोग्याचं तोंड ज्यात लागत नाही अशी परीक्षा तिनं पहिल्यांदाच पाहिली. नळी तिरकी झाली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं. मग सलाईनमधून औषध सुरू झालं. सावळीरामानं सुईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि सुई बरी, असं ठरवलं. संध्याकाळी पुन्हा नळी भरली. या वेळी रक्त खरवसासारखं थरथरलं, पण वाहिलं नाही. तेव्हा कुठे सगुणाबाई पाणी प्यायली.

घरी आल्यावर सावळीरामानं पारावर जाहीर केलं, की बायकोनं जीपमध्ये मंत्र म्हटला म्हणून वाचलो. सगुणाबाईनं सगळ्यांदेखत सांगितलं, मंत्र बिंत्र काही नव्हता, बाटलीतलं औषध होतं, आणि पाल्याचंही काही खरं नाही. सुलाबाईचा नवरा ताकानं मेला नाही, माझ्यामुळं मेला. सुलाबाई मागं उभी होती. ती निघून गेली नाही.

बाकीच्या गावानं मान डोलावली. एवढी विद्या असून बाई किती नम्र, असं त्यांचं मत पडलं आणि तिची कीर्ती दुप्पट झाली.

महिनाभरानं सोयाबीनच्या रानातून एका पोरीला उचलून आणलं. माणसं पाराकडे वळत होती. सगुणाबाई हातात काहीही न घेता आली आणि त्यांच्या आडवी उभी राहिली. गेल्या खेपेच्या अनुभवानं ती एवढं शिकली होती, की खरं बोलून या गावात काम होत नाही.

"मंत्र आता पारावर चालत नाय," ती म्हणाली. "दवाखान्याच्या फाटकातच चालतो. उचला."

माणसांनी पोरीला उचललं आणि जीपकडे पळत सुटली.