वाळूतलं गोडं पाणी

वादळाच्या दिवशी समुद्र आमच्या माडांमधून विहिरीपर्यंत आला आणि परत गेला. विहीर वरून तशीच दिसत होती, पण पाणी खारं झालं. पाऊसही पडला होता, पण वाऱ्याने भांडी उडत असताना ते पाणी कोण धरणार? घरातलं भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी संपलं. रस्त्यावर झाडं आडवी पडली होती आणि नवरा गोव्यात अडकला होता.

माझ्या धाकट्या मुलीला तहान लागली तेव्हा ती कुणाला न सांगता विहिरीचं पाणी प्याली. तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत तिचे ओठ सुकले, लघवीही होईना. साखर-मीठ घालून द्यायला गोडं पाणी नव्हतं. शेजारीही तीच स्थिती होती.

सासू म्हणाली, सुरूंच्या मागे वाळूचा उंचवटा आहे, तिथे लाट पोचली नाही, तिथे खणा. माझा भाऊ आंबे घेऊन आला होता, तो वादळामुळे आमच्याकडेच राहिला होता. त्याने फावडं घेतलं. माझं माहेर डोंगराकडचं. तिथे पाणी लागलं तरी साठा व्हावा म्हणून आणखी खोल जातात. गुडघ्याएवढ्या खड्ड्यात पाणी दिसलं तरी भाऊ खणतच राहिला. मलाही ते बरोबर वाटलं. मी कळशी भरून आणली. सासूने बोट बुडवून जिभेला लावलं.

"मिठागरातसून हाडलंस काय गो?"

मुलीजवळ मला बसवून ती स्वतः खड्ड्याकडे गेली. नंतर भाऊ हसत मला तिचं तिथलं बोलणं सांगत होता. ती म्हणाली होती, "पावण्या, माका पाणी होया, बाव नको." बाव म्हणजे विहीर. तो म्हणाला, आमच्याकडे खोल गेल्याशिवाय पाणी गावत नाय. त्यावर ती म्हणाली, "तुमच्याकडे खाली दगड. हंय खाली दर्यो."

पावसाचं पाणी वाळूत खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. खोल गेलं की दोन्ही मिसळतात. तिने थोडं बाजूला नवीन खड्डा काढायला लावला आणि ओल लागताच थांबवलं. वाळू ढासळू नये म्हणून तळ कापलेला तेलाचा डबा आत बसवला. मग ती मुलीजवळ परतली आणि मी आणि भाऊ झिरपून आलेलं वरवरचं पाणी करवंटीने घेत बसलो.

"आमची म्हस हेचा एक घोट करीत," भाऊ म्हणाला.

"म्हशीक उलटी नाय. ढवळू नको, गप भर," मी म्हणाले.

पाणी कपड्यातून गाळलं आणि नारळाच्या सोडणांच्या जाळावर उकळलं. निवल्यावर सासू ते साखर-मीठ घालून मुलीला चमच्याने देऊ लागली. पहिलं सगळं उलटून पडलं. सासू थोडं थांबली आणि पुन्हा देऊ लागली. नंतर ते पोटात राहू लागलं.

दिवेलागणीला मुलीने लघवीला जायचं म्हटलं. सासूने तिला उचलून मागच्या दारी नेलं. परत येऊन मला एवढंच म्हणाली, "झाली." मग मी त्या उकळलेल्या पाण्यातलं पहिल्यांदा प्याले.