दाढेचा काही दोष नव्हता

माझी डावी दाढ काढली त्याला आता वर्ष होईल. तिचा काही दोष नव्हता हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

भाजे गावात आमच्या घरी शनिवार-रविवारी लेणी बघायला आलेली माणसं जेवायला असतात. रस्त्यावरच्या पाटीवर नाव नवऱ्याचं आणि नंबर माझा. फोन वाजायचा तेव्हा माझे दोन्ही हात पिठात. मग तो डाव्या खांद्यावर ठेवायचा, मान वाकडी करून गालानं दाबायचा आणि भाकरी थापत बोलायचं. किती माणसं येणार, गाडी कुठं लावायची, ठेचा फार तिखट असतो का. नवरा ओट्यावर बसून सांगायचा, फोन वाजतोय. जसं काही मी बहिरी होते.

हळूहळू डाव्या कानाखाली ठणकायला लागलं. तोंड उघडताना जबडा कट्‌ वाजायचा. घास चावला की डोळ्यांत पाणी. परातभर भाकऱ्या लोकांना वाढायच्या आणि आपण दुधात कुस्करून गिळायच्या, अशी माझी गत झाली. सासूबाईंनी लवंग धरायला लावली. मग दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तोंडात बॅटरी मारली; मी दिवसभर काय काम करते, हे काही विचारलं नाही. दाढ किडायला लागलीय म्हणाले आणि काढली. ठणका जागच्या जागी. मग म्हणाले, शेजारची असेल, सोमवारी या. आणि मी मूर्खासारखी नंबर लावून आले.

त्याच शनिवारी जेवायला आलेली एक बाई पाणी मागायला चुलीपाशी आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. ती फिजिओथेरपिस्ट होती. माझं फोनवरचं बोलणं संपल्यावर तिनं माझ्या मानेवर, कानाच्या खालच्या बाजूला बोट दाबलं. कळ थेट जबड्यात गेली, जिथं दाढ उरलीच नव्हती तिथं.

"ताई, फोन रोज असाच धरता का?"

मान अशी वाकडी आवळून धरली की जबड्याचे स्नायूही आखडतात आणि दुखतंय दाढच असं वाटतं, हे तिनं मला साध्या शब्दांत सांगितलं. मला रडू आलं नाही, संताप आला. डॉक्टरांचा आलाच, पण ओट्यावर बसलेल्या माणसाचा जास्त. फोन पदराला पुसला आणि नेऊन त्याच्यापुढे ठेवला.

"आजपासनं ह्यो तुमी घ्यायचा."

भाकऱ्या किती लागतील ते आपल्याला कुठलं कळायला, असं तो पुटपुटतोय तोवर फोन वाजला. त्याच्या हातात तंबाखू मळायची अर्धी राहिली होती. तेवढ्यासाठी त्यानं फोन उचलून खांद्यावर ठेवला आणि मान वाकडी करून गालाखाली दाबला.

"धरा तसाच," मी म्हणाले. "डॉक्टरकडचा सोमवारचा नंबर मी रद्द केलेला न्हाई. तुमाला लागंल."