शिलाई मशीनची जकात

सत्तरच्या सुमारास मी नागपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सीताबर्डीला खोली, घर सावनेरला. माझ्या मोठ्या बहिणीची शिवणकामाची परीक्षा नागपुरात होती. पास झाली तर गावातल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची जागा मिळण्यासारखी होती. परीक्षेला मशीन ज्याची त्याने आणायची. म्हणून ताईला आणि आईला घ्यायला मी गावी गेलो. निघताना आईने माझ्या परीक्षेची फी पदराच्या गाठीत बांधली.

त्या काळी शहरात येणाऱ्या नव्या मालावर नाक्यावर जकात द्यावी लागे. घरच्या वापरातल्या वस्तूला माफी होती. आमची मशीन हाताने फिरवायची, माझ्याहून वयाने मोठी. पण आदल्या संध्याकाळी आईने तिला तेल लावून चकचकीत पुसलं, हळदकुंकू वाहिलं, चाकाला झेंडूची माळ बांधली.

नाक्यावर कारकून बसमध्ये चढला. माळ पाहून थांबला.

"ही नवी आहे. जकात लागेल."

"नवी कायची, भाऊ? माह्या लग्नातली आहे," आई म्हणाली.

"मंग कुंकू काहून? जुन्या मशीनची पूजा कोण करते?"

"पोरगी परीक्षेले चालली तर तिले ओवाळलं. मशीनही चालली. तिले काहून नाही?"

अख्खी बस हसली. कारकूनही हसला, पण आपलं म्हणणं त्याने सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षा असल्याने मशीन तिथे ठेवणंही शक्य नव्हतं. मग त्याने वाट सांगितली: आता पैसे भरा, मुदतीत माल याच नाक्यावरून बाहेर न्या, पावतीवर शिक्का घ्या आणि शहरातल्या कचेरीतून रक्कम परत घ्या. पट्टीवरचा मशीनचा नंबर पावतीवर लिहा, असा मी आग्रह धरला. त्याने कुरकुरत लिहिला. आईने गाठ सोडली आणि माझ्या फीतले पैसे मोजून दिले.

परीक्षा चांगली झाली. परतीच्या बसमध्ये आईने कंडक्टरला नाक्यावर उतरायचं सांगितलं.

"बाई, येतानी नाका असते. जातानी कायचा नाका? अन् ते पैसे कोणाले परत भेटले आजवर? बसा गुमान."

"पोराची फी आहे ते. उतरव आम्हाले."

"गाडी थांबणार नाही बरं तुमच्यासाठी."

"नको थांबवू."

बस गेली. आम्ही तिघं मशीनसह रस्त्याच्या कडेला उरलो. नाक्यावर आज दुसराच कारकून होता. त्याने नंबर ताडून पाहिला आणि शिक्का मारला. फी भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, म्हणून आई मला म्हणाली, "तू फिर मांगं. आम्ही जातो पुढच्या गाडीनं."

"अन् मशीन कोण चढवन, वं आई?" ताईने विचारलं.

"तूच. मास्तरीण व्हाचं आहे ना तुले?"

मी कचेरी गाठली. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी साहेब आले, तर सही करायला अर्ज सापडेना. मी दुसरा अर्ज लिहून दिला आणि तास बुडवून बाकावर बसून राहिलो. शिपाई म्हणाला, "इतक्याशा पैशासाठी काहून बसून राहिला गा?"

"परीक्षेले बसाचं आहे," मी म्हणालो.

त्यानंतर तोच आत जाऊन माझ्या अर्जाची आठवण देऊ लागला. त्याचे उपकार मी विसरलो नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पैसे हातात पडले. मी धावत कॉलेजात गेलो. फीची खिडकी उघडी होती.

"शेवटच्या दिवशीच सुचते का तुम्हाले?" तिथला कारकून खेकसला. मी पैसे खिडकीतून आत सरकवले. पावती खिशात घातली आणि खोलीवर न जाता सरळ सावनेरची बस धरली. फी भरल्याचं आईला मलाच सांगायचं होतं.