खाण्यापलीकडचा देश

जगातले झाडून सगळे तेलवाले देश एक ना एक दिवस आमच्या मेहुण्यांचं ऐकणार आहेत, आणि त्या दिवशी मेहुणे त्यांना शांतपणे सांगणार आहेत की आता फार उशीर झाला. मेहुणे म्हणजे आमच्या हिचे मावसभाऊ. सिंगापुरात मरीन परेडला आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायचे, आणि तेलावर नि खाणींवर जगणाऱ्या देशांना दुसरे उद्योग कसे उभारावेत याचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीत काम करायचे. मी हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत हिशेबनीस. आमची जहाजं समुद्रातल्या तेलविहिरींना माणसं आणि सामान पोचवतात. त्यामुळे घरातला मुलगा दारूच्या गुत्त्यावर कामाला लागावा, तशा नजरेने मेहुणे माझ्याकडे बघत. आपल्या हयातीत एक तरी देश तेलावरून उतरवायचा, असा त्यांचा पण होता, आणि त्यासाठी त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एक चिमुकला देश धरून ठेवला होता.

एकाच गोष्टीवर विसंबायचं नाही, हे तत्त्व त्यांनी घरापासून लागू केलं होतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, भात एका स्टॉलवरून, भाजी दुसऱ्यावरून, मासा तिसऱ्यावरून. सगळं जमेपर्यंत भात गार आणि आमची जेवणं आटोपलेली. न्हावीसुद्धा दोन होते. प्रत्येक जण आधीच्याची चूक सुधारायचा, त्यामुळे डोक्यावर फारसं काही उरायचं नाही. मग बायको तेवढी एकच कशी, असं हिने एकदा विचारलं, तेव्हा वहिनींनी चहा आणायला जरा जास्तच वेळ लावला. सिंगापूरवर मात्र त्यांचा भारी जीव. ईस्ट कोस्टला फिरताना ते मध्येच थांबून विचारत, "या देशाच्या जमिनीखाली काय सापडतं, सांगा भाऊजी." "एमआरटी," असं इथल्या भुयारी रेल्वेचं नाव स्वतःच सांगून ते बराच वेळ खूश राहत.

एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचं व्याख्यान ठरलं. विषय होता 'खाणीपलीकडचा देश'. पत्रक आमच्या कन्येने केलं. इथल्या शाळेत वाढलेल्या त्या पोरीने खाण हा शब्द जन्मात ऐकला नव्हता, खाणं मात्र रोजचं. तिने आपल्या परीने चूक सुधारून 'खाण्यापलीकडचा देश' असं छापलं, आणि मी रागावलो तर इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, सेम सेम लाह." परिणामी हॉल तुडुंब भरला. निम्मे लोक डाएट ऐकायला आले होते, निम्मे काहीतरी चाखायला मिळेल म्हणून. मेहुणे तासभर तेलावर बोलले. शेवटी पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक आजी उठल्या. "सोडा म्हणताय ते पटलं हो," त्या म्हणाल्या, "पण मग त्यांनी खायचं काय?" हॉल हसला. मेहुणे हसले नाहीत. त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, आफ्रिकेतल्या त्या देशाच्या एका तरी मंत्र्याने हा प्रश्न विचारावा म्हणून मी किती वर्षं वाट बघतोय.

पुढे तेलाचा भाव कोसळला. आम्हाला वाटलं, आता मेहुण्यांचे दिवस आले. झालं उलटंच. तिजोरीत खडखडाट होताच त्या देशाने आधी सल्लागारांना नारळ दिला. भाव चढा असताना त्यांना सल्ला नको होता, आणि उतरला तेव्हा तो परवडेना. मेहुण्यांच्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक तेवढंच. साऱ्या जगाला एकावर विसंबू नका म्हणणारा हा माणूस स्वतः एकाच देशावर विसंबून होता. नोकरी गेली, तिच्याबरोबर कामाचा पासही गेला, म्हणजे इथला मुक्काम संपला. मला थट्टा सुचली होती, पण त्यांचा चेहरा बघून गिळली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. नोकरी दुसरी मिळेल, एवढं काय मनाला लावून घेता, असं मी म्हणालो. तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी लहानपणचं सांगितलं. चंद्रपूरकडची कोळसा खाणीची वसाहत, वडील खाणीत. कोळसा संपला आणि खाण बंद झाली.

"खाण बंद पडली ना भाऊजी, की आधी शाळा रिकामी होते," ते म्हणाले. "मास्तर हजेरी घ्यायचे आणि नाव वाचून थांबायचे. कोणी 'हजर' म्हणायचंच नाही. आफ्रिकेतल्या त्या पोरांवर ती वेळ येऊ नये, एवढंच होतं माझं."

आता ते नागपूरला कॉलेजात शिकवतात. तेलाचा भावही सावरलाय. परवा तो चांगलाच चढला म्हणून आमच्या ऑफिसात केक आणला होता. मीही खाल्ला, पण गोड लागला नाही. मेहुण्यांची फार आठवण आली. त्या देशातलं एकही पोर मी कधी पाहिलेलं नाही, तरी मला तिथल्या पोरांची काळजी वाटते. भाव चढलाय, म्हणजे तिथे आता पुन्हा कोणालाच घाई नसणार.